प्रारूप प्रभाग रचनेत वस्ती तुटली आहे: हायकोर्टात जावं का, आणि कधी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुमच्या नगरपरिषदेची प्रारूप प्रभाग रचना प्रसिद्ध झाली आहे. नाल्याकाठची तुमची वस्ती दोन प्रभागांत तोडली आहे आणि शेजारचा प्रभाग वाजवीपेक्षा मोठा दिसतो. मागच्या निवडणुकीत तुमच्या गल्लीतली शे-दीडशे नावं भलत्याच प्रभागाच्या यादीत गेली होती. कोणीतरी सांगितलं की थेट हायकोर्टात जा, स्टे मिळेल. तर जावं का, आणि दोन्ही तक्रारी एकत्र मांडता येतील का?

आधी उत्तर देतो, मग कारणं. आज हायकोर्टात जाऊ नका, आज हरकत दाखल करा. पण ती अशी लिहा की उद्या हायकोर्टात जावं लागलं तर याचिकेचा कणा तीच असेल. मतदार यादीची तक्रार मात्र यात मिसळू नका, तिचा रस्ता आणि तिची वेळ वेगळी आहे. निवडणूक थांबेल असं धरून तर काहीच आखू नका.

अन्याय झाला आहे का, हा तुमचा खरा प्रश्न नाही. वस्ती तुटली की अन्याय झाल्यासारखं वाटणारच, आणि कित्येकदा तो झालेलाही असतो. कोर्टापुढे प्रश्न वेगळा असतो: कोणता लेखी नियम मोडला, तो मोडला हे कोणत्या कागदावरून दिसतं, आणि हे तुम्ही वेळेत सांगितलं होतं का? या तिन्हींची उत्तरं असतील तर प्रकरण चालतं. यातलं एक जरी नसलं, तरी बाकीची दोन कितीही भक्कम असोत, याचिका बहुधा पहिल्याच तारखेला निकाली निघते.

आता कायद्याची चौकट. राज्यघटनेच्या अनुच्छेद 243-झेडजी मध्ये नगरपालिकांसाठी दोन अडसर आहेत (पंचायतींसाठी हेच 243-ओ मध्ये, लोकसभा-विधानसभेसाठी 329 मध्ये). पहिला अडसर: मतदारसंघांच्या सीमा किंवा जागावाटप ठरवणाऱ्या कायद्याची वैधता कोर्टात विचारता येत नाही. दुसरा: निवडणुकीला आव्हान द्यायचं तर ते निवडणूक याचिकेनेच, म्हणजे निकालानंतर. दुसऱ्या अडसरात 'निवडणूक' म्हणजे फक्त मतदानाचा दिवस नव्हे. 1952 च्या पोन्नुस्वामी प्रकरणापासून सर्वोच्च न्यायालयाने तिचा अर्थ अधिसूचनेपासून निकालापर्यंतची सगळी प्रक्रिया असा घेतला आहे. त्यामुळे निवडणुकीची अधिसूचना निघाली की रिट याचिकेचं, म्हणजे थेट हायकोर्टात दाद मागण्याचं दार जवळजवळ बंद होतं.

पहिल्या अडसराबद्दल लोकांची फार गल्लत होते, वकिलांचीसुद्धा. 1967 च्या मेघराज कोठारी निकालाचा दाखला देऊन 'सीमांकनाला आव्हान देताच येत नाही' असं सरसकट सांगितलं जातं. ते प्रकरण उज्जैन मतदारसंघ अनुसूचित जातींसाठी राखीव करण्याचं होतं. तिथे परिसीमन आयोगाच्या कायद्यातच लिहिलं होतं की आयोगाचा आदेश राजपत्रात प्रसिद्ध झाला की त्याला कायद्याचं बळ येईल. म्हणून तो आदेश म्हणजे कायदाच, आणि कायद्याला अडसर लागू. लोकसभा-विधानसभेच्या सीमांना हे आजही लागू आहे. 2024 मध्ये गुजरातच्या बारडोली मतदारसंघाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने इतकंच म्हटलं की आदेश उघडउघड मनमानी आणि घटनात्मक मूल्यांशी विसंगत असेल तर न्यायालयीन तपासणी पूर्णपणे वर्ज्य नाही. व्हॉट्सॲपवर हा निकाल 'आता सगळ्या रचनांना आव्हान देता येतं' अशा मथळ्याने फिरतो. तसं त्यात काहीही नाही.

तुमचं प्रकरण नगरपरिषदेचं आहे, आणि तिथे तुमच्या उपयोगाचा निकाल गोव्याचा आहे. 2021 मध्ये मडगाव, म्हापसा, मुरगाव, केपे आणि सांगे या पाच पालिकांच्या आरक्षणाच्या अधिसूचनेला आव्हान दिलं गेलं. महिलांना घटनेप्रमाणे एक तृतीयांश जागा मिळाल्या नव्हत्या. मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने सुनावणी पूर्ण करून निकाल राखून ठेवला असताना, 22 फेब्रुवारीला निवडणूक कार्यक्रमाची अधिसूचना काढण्यात आली. उच्च न्यायालयाने 1 मार्चला आरक्षणाची अधिसूचना रद्द केली आणि सर्वोच्च न्यायालयाने 12 मार्च 2021 रोजी तो निकाल कायम ठेवला. त्याच निकालाने राज्य निवडणूक आयुक्त सरकारी सेवेत असलेली व्यक्ती असू शकत नाही, असंही बजावलं. पण तुमच्यासाठी महत्त्वाचं वाक्य वेगळं आहे. सीमांकनाच्या कायद्यातल्या तरतुदीला हात लावता येत नाही, मात्र त्या तरतुदीखाली काढलेल्या आदेशाला आव्हान देता येतं, जर त्या कायद्याने आदेशालाच कायद्याचा दर्जा दिलेला नसेल तर. आपल्या महाराष्ट्रातल्या 1965 च्या नगरपरिषदा अधिनियमाखाली निघणारी प्रभाग रचना हा असा आदेश आहे, या पायावर याचिका उभी राहते. हा निकाल तुमच्या वकिलांच्या हातात पहिल्या दिवसापासून असू द्या.

समोरची बाजू काय दाखवेल हेही माहीत असू द्या. 1995 चा उत्तर प्रदेशातल्या प्रधान संघ क्षेत्र समितीचा निकाल. त्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की पंचायतीच्या सीमांकनाला आव्हान देण्याचं कारण एकच उरतं: हरकती मागवल्या नाहीत किंवा सुनावणी दिली नाही. आणि तेही निवडणुकीची अधिसूचना निघाल्यावर ऐकलं जाणार नाही. म्हणजे तुमच्या बाजूचा निकाल घ्या नाहीतर विरुद्ध बाजूचा, दोन्ही तुम्हाला एकाच टेबलाकडे नेतात, हरकतीच्या. हरकत घेतलीच नसेल तर दोन्ही निकालांतलं काहीही तुमच्या कामाचं नाही.

म्हणून हरकत कशी लिहायची, यावर सविस्तर लिहितो. सगळ्यात जास्त प्रकरणं इथेच हातची जातात.

बहुतेक हरकती अशा असतात: 'आमची वस्ती वर्षानुवर्षे एकत्र आहे, ती तोडून आमच्यावर अन्याय केला आहे, तरी रचना बदलावी.' खाली दोनशे सह्या. सुनावणीत प्राधिकृत अधिकारी शेरा मारतो, 'रचना निकषांनुसार आहे, हरकत अमान्य.' हा एका ओळीचा शेरा कोर्टात टिकतो, कारण हरकतीत कोणता निकष मोडला ते लिहिलेलंच नसतं. दोनशे सह्यांचं वजन कोर्टात शून्य. एका माणसाची, आकड्यांसह लिहिलेली हरकत त्यापेक्षा कितीतरी जड.

निकष कुठे सापडतात? राज्य निवडणूक आयोगाच्या आणि नगर विकास विभागाच्या प्रभाग रचनेच्या आदेशात. तुमच्या निवडणुकीसाठी लागू असलेला नेमका आदेश मिळवा, मागच्या वेळचा नको. मार्च 2022 च्या कायदादुरुस्तीने रचना करण्याचे अधिकार आयोगाकडून राज्य सरकारकडे गेले आणि त्यानंतर कोण काय करतं याची साखळी बदलली. प्रारूपावर सही कोणाची, मान्यता कोणाची, सुनावणी कोण घेणार, हे अधिसूचनेतच वाचा. त्यावरच पुढे प्रतिवादी कोण हे ठरतं.

निकष साधारण असे असतात. रचना उत्तरेकडून सुरू करून ईशान्य, पूर्व, पश्चिम आणि शेवटी दक्षिणेला संपवायची. प्रभागाची लोकसंख्या सरासरीच्या दहा टक्के कमी-जास्त मर्यादेत ठेवायची. सीमा शक्यतो रस्ते, नदी, नाले, रेल्वेमार्ग अशा ठळक खुणांवरून न्यायच्या. भौगोलिक सलगता राखायची. अनुसूचित जाती-जमातींच्या वस्त्यांचं शक्यतो विभाजन करायचं नाही. आणि सगळं काम जनगणनेच्या प्रगणक गटांवर करायचं, गट अखंड ठेवून.

प्रगणक गट ही यातली मूळ वीट आहे. 2011 च्या जनगणनेत एका प्रगणकाने मोजलेला भाग म्हणजे एक गट, साधारण सहाशे ते आठशे माणसांचा. प्रत्येक गटाची एकूण, अनुसूचित जातीची आणि जमातीची लोकसंख्या नोंदलेली असते. प्रभाग म्हणजे या गटांची बेरीज. म्हणून नकाशाकडे बघून वाद घालण्याआधी गटांचा तक्ता मागा. प्रारूपासोबत प्रभागनिहाय गटांची यादी आणि लोकसंख्या असायला हवी. नसेल तर तीच पहिली हरकत.

आता आकड्यांचं एक उदाहरण. गणित सोपं राहावं म्हणून सोयीचे आकडे घेतो. शहराची लोकसंख्या 50,000, सदस्य 25. एका सदस्यामागे सरासरी 2,000. प्रभाग दोन सदस्यांचे, पण संख्या विषम असल्याने एक प्रभाग तीन सदस्यांचा: अकरा दुणे बावीस आणि तीन, एकूण बारा प्रभाग. दोन सदस्यांच्या प्रभागाची सरासरी 4,000, म्हणजे मर्यादा 3,600 ते 4,400. तीन सदस्यांच्या प्रभागाची सरासरी 6,000, मर्यादा 5,400 ते 6,600. आता 'शेजारचा प्रभाग फुगवला आहे' हे तुमचं म्हणणं यावर घासून बघा. तो 4,350 असेल तर डोळ्यांना कितीही मोठा दिसो, नियमात आहे, तो मुद्दा सोडून द्या. 4,620 असेल तर मर्यादेबाहेर आहे, आणि ते ओलांडण्याचं कारण नोंदवलं आहे का हे विचारता येतं. तो तीन सदस्यांचा प्रभाग तर नाही ना, हेही आधी बघा. सरासरी चुकीची लावून घेतलेल्या हरकती सुनावणीत पाच मिनिटांत पडतात आणि मग तुमच्या खऱ्या मुद्द्यावरचाही विश्वास उडतो.

'2011 नंतर आमच्याकडे तीन नवी नगरं उभी राहिली, प्रत्यक्ष लोकसंख्या दुप्पट आहे' हा मुद्दा अगदी खरा असतो आणि तरी चालत नाही. घटनेच्या अनुच्छेद 243-पी मध्ये लोकसंख्या म्हणजे ज्या जनगणनेचे आकडे प्रसिद्ध झाले आहेत अशा शेवटच्या जनगणनेची लोकसंख्या, अशी व्याख्याच आहे. नव्या जनगणनेचे आकडे प्रसिद्ध होईपर्यंत 2011 हाच आधार. मतदारसंख्येवरूनही वाद घालू नका, रचना लोकसंख्येवर होते, मतदारांवर नाही.

वस्ती तुटल्याचा मुद्दा मात्र नीट मांडला तर जोरकस होतो, विशेषतः ती अनुसूचित जातीची वस्ती असेल तर. तुमच्या वस्तीत समजा 1,500 लोक आणि त्यात 1,100 अनुसूचित जातीचे. वस्ती 4,000 च्या एका प्रभागात अखंड राहिली तर त्या प्रभागात अनुसूचित जातीचं प्रमाण एकट्या वस्तीमुळेच 27.5 टक्के होतं. दोन प्रभागांत निम्मी निम्मी विभागली तर प्रत्येकी 13.75 टक्के. अनुसूचित जातीच्या जागा प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने प्रभागांना दिल्या जातात. म्हणजे वस्ती तोडल्याने फक्त शेजार तुटत नाही, राखीव जागाच दुसरीकडे सरकू शकते. बाराही प्रभागांचा असा उतरता तक्ता प्रारूपाप्रमाणे एक आणि वस्ती अखंड ठेवून एक, असे दोन बनवा आणि शेजारी शेजारी जोडा. हे एक पान भावनिक मजकुराच्या दहा पानांहून मोलाचं आहे.

नाल्याबद्दल थोडं सावध राहा. नाला ही ठळक नैसर्गिक खूण आहे. सीमा नाल्यावरून नेली असेल तर अधिकारी म्हणेल की निकष पाळूनच नेली. मग वस्तीच्या विभाजनाचा निकष आणि नैसर्गिक सीमेचा निकष यांच्यात ओढाताण होते आणि अशा वेळी कोर्ट अधिकाऱ्याच्या निवडीत हात घालत नाही. उलट सीमा नाला सोडून वस्तीच्या मधल्या बोळातून गेली असेल, तर दोन्ही निकष एकदम मोडले. तुमच्या प्रश्नावरून हे कळत नाही आणि सगळं प्रकरण यावर फिरू शकतं. प्रारूपातलं सीमेचं शब्दांतलं वर्णन हातात घ्या, 'अमुक चौकापासून तमुक यांच्या घरापर्यंत', आणि ती रेघ प्रत्यक्ष चालून बघा. वर्णन आणि नकाशा जुळत नाहीत असं वरचेवर आढळतं. तसं असेल तर तीही लेखी हरकत: कोणती घरं कोणत्या प्रभागात हे प्रारूपावरून ठरवताच येत नाही.

हरकतीत पर्यायही द्या. नुसतं 'बदला' म्हणू नका. अमुक क्रमांकाचा प्रगणक गट प्रभाग 4 मधून 3 मध्ये घेतला आणि तमुक गट 3 मधून 2 मध्ये दिला, तर तिन्ही प्रभाग मर्यादेत राहतात आणि वस्ती अखंड राहते, हे आकड्यांनी दाखवा. असा पर्याय समोर असताना तो का नाकारला याचं कारण अधिकाऱ्याला लिहावं लागतं. नाही लिहिलं, तर विनाकारण फेटाळलेली हरकत हा कोर्टातला तुमचा सगळ्यात ताकदीचा मुद्दा होतो.

काही व्यवहाराच्या गोष्टी. हरकतीला दिवस थोडे असतात, दहा-पंधरा, कधी त्याहून कमी. माहिती अधिकाराच्या अर्जाला तीस दिवस लागू शकतात, म्हणून अर्ज जरूर करा पण त्यावर विसंबू नका. प्रारूप, नकाशे आणि तक्ते कार्यालयात पाहायला ठेवलेले असतात, तिथे जाऊन नक्कल मागा, फोटो काढा, नकार दिला तर त्याच दिवशी लेखी पत्र देऊन आवक क्रमांक घ्या. हरकत अधिसूचनेत सांगितलेल्या कार्यालयातच द्या आणि शिक्का-तारखेची पोच घ्या. फक्त ईमेल करून थांबू नका. सुनावणीला स्वतः हजर राहा, हजेरीपत्रकावर सही करा, लेखी म्हणणं पुन्हा द्या आणि त्याचीही पोच घ्या. शक्य असेल तर एका प्रभागातल्या वेगवेगळ्या मुद्द्यांसाठी वेगळ्या हरकती द्या, म्हणजे प्रत्येकीवर स्वतंत्र निर्णय द्यावा लागतो.

राजकीय हेतूचा आरोप करावा का? माझा सल्ला सहसा नको असा असतो. दुष्ट हेतूचा आरोप करायचा तर त्या व्यक्तीला नावाने प्रतिवादी करावं लागतं आणि ठोस तथ्यं मांडावी लागतात. 'अमुक नगरसेवकाच्या सोयीसाठी' हे वाक्य पुराव्याशिवाय लिहिलं की तुमची आकडेवारी मागे पडते आणि चर्चा त्या वाक्यावर होते. आकडे पुरेसे बोलके असतील तर हेतू कोर्टाला दिसतोच.

आता वेळ. प्रारूपालाच आव्हान दिलं तर कोर्ट म्हणणार, अजून अंतिम काही नाही, हरकत घ्या. अंतिम रचना प्रसिद्ध झाल्यापासून निवडणूक कार्यक्रम जाहीर होईपर्यंतचा काळ हाच तुमचा खरा काळ, आणि तो कधी काही आठवड्यांचा तर कधी फारच थोडा असतो. म्हणून सुनावणी चालू असतानाच याचिकेचा मसुदा तयार ठेवा. अंतिम अधिसूचना हाती आली की फक्त तारखा आणि शेवटची जोडपत्रं भरायची राहिली पाहिजेत. अंतिम रचनेनंतर पंधरा दिवस बैठका घेण्यात गेले आणि सोळाव्या दिवशी कार्यक्रम लागला, अशी अवस्था झाली तर कोणताही वकील फार काही करू शकत नाही.

याचिकाकर्ता त्या प्रभागाचा मतदार असावा आणि हरकत त्यानेच घेतलेली असावी. इच्छुक उमेदवारापेक्षा साधा मतदार बरा. प्रतिवादी म्हणून नगर विकास विभाग, राज्य निवडणूक आयोग, जिल्हाधिकारी आणि मुख्याधिकारी. जोडपत्रांत निकषांचा आदेश, प्रारूप आणि अंतिम अधिसूचना, दोन्ही नकाशे, प्रगणक गटांचे तक्ते, हरकत आणि पोच, सुनावणीची नोटीस, हरकतीवरचा निर्णय, आणि सुरुवातीला तारखांचा एक पानी तक्ता. कोर्ट तो तक्ता सगळ्यात आधी वाचतं. कुठे दाखल करायची हे जिल्ह्यावर अवलंबून: मुंबई, नागपूर किंवा छत्रपती संभाजीनगर. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्गसाठी ऑगस्ट 2025 पासून कोल्हापूरचं सर्किट बेंच आहे.

मागणी छोटी ठेवा, हे फार महत्त्वाचं आहे. 'संपूर्ण प्रभाग रचना रद्द करा आणि निवडणूक थांबवा' असं मागितलं की कोर्टाचा हात आखडतो. 'प्रभाग 3 आणि 4 पुरती अंतिम अधिसूचना बाजूला ठेवून आमच्या हरकतीवर कारणांसह दहा दिवसांत नव्याने निर्णय द्यावा' अशी मागणी निवडणुकीच्या वेळापत्रकाला धक्का न लावता मान्य करता येते. सर्वोच्च न्यायालयाने 2000 च्या अशोक कुमार प्रकरणात जी रेषा आखली ती हीच: निवडणूक पुढे नेण्यास मदत करणारा हस्तक्षेप चालतो, ती अडवणारा किंवा लांबवणारा नाही.

स्टेबद्दल मी इतका साशंक का, तेही सांगतो. नगरपालिकेची मुदत पाच वर्षांची आणि ती संपण्याआधी निवडणूक झालीच पाहिजे, हे घटनेतच आहे, आणि 2006 मध्ये अहमदाबादच्या किशनसिंग तोमर प्रकरणात पाच न्यायमूर्तींच्या पीठाने ते बजावलं. महाराष्ट्रात तर ओबीसी आरक्षण आणि प्रभाग रचनेच्या वादात कित्येक संस्था वर्षानुवर्षे प्रशासकांच्या हाती राहिल्या. त्यावर सर्वोच्च न्यायालयाने 6 मे 2025 रोजी निवडणुका चार महिन्यांत घ्यायला सांगितल्या आणि सप्टेंबरमध्ये 31 जानेवारी 2026 ही शेवटची मुदत दिली. त्यानंतर आरक्षण 50 टक्क्यांच्या वर गेलेल्या 57 नगरपरिषदा-नगरपंचायतींचा वाद आला, तेव्हाही मतदान रोखलं नाही, निकाल याचिकेच्या निर्णयाच्या अधीन ठेवले. इतका मोठा घटनात्मक मुद्दा असताना मतदान थांबलं नाही, तर दोन प्रभागांच्या सीमेसाठी थांबेल ही आशा ठेवू नये. आणि खरं सांगायचं तर थांबू नयेही. निवडून आलेले सदस्य नसलेली नगरपरिषद ही तुटलेल्या वस्तीपेक्षा मोठी हानी आहे, असं मला मनापासून वाटतं.

आता मतदार यादी. ही तक्रार प्रभाग रचनेच्या हरकतीत घातली तर 'या टप्प्याशी संबंधित नाही' म्हणून फेटाळली जाईल. नगरपरिषदेची वेगळी मतदार यादी तयार होत नाही. आयोगाने अधिसूचित केलेल्या तारखेला असलेली विधानसभेची यादी घेऊन ती प्रभागांत विभागतात. 2025 च्या निवडणुकांसाठी ही तारीख 1 जुलै 2025 होती. त्यामुळे दोन प्रकारच्या चुका वेगळ्या करा. नावच विधानसभा यादीत नसेल तर प्रभाग यादीच्या वेळी ते घालता येत नाही. त्यासाठी आधीच, अधिसूचित तारखेच्या पुरेसं अगोदर, नमुना 6 भरावा लागतो. पत्ता किंवा तपशील बदलायचा तर नमुना 8. नोंदणी अधिकाऱ्याने नाकारलं तर पंधरा दिवसांत जिल्हाधिकाऱ्यांकडे अपील आणि तिथूनही नाकारलं तर तीस दिवसांत मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांकडे दुसरं अपील. आधीच्या यादीत असलेलं नाव नोटीस न देता काढलं असेल, तर 1995 च्या लाल बाबू हुसेन निकालाचा आधार घेता येतो: यादीत आलेल्या नावाला ग्राह्यता असते आणि माणसाचं म्हणणं ऐकल्याशिवाय ते काढता येत नाही.

तुमची तक्रार दुसऱ्या प्रकारची आहे, नाव यादीत आहे पण प्रभाग चुकला. हे का होतं ते समजलं की उपायही समजतो. विधानसभा यादीचे भाग मतदान केंद्रांप्रमाणे असतात, प्रगणक गटांप्रमाणे नसतात. प्रभागाची सीमा एखाद्या भागाच्या मधून गेली की तो भाग कर्मचाऱ्यांना पत्त्यावरून दोन प्रभागांत फोडावा लागतो. पत्ता 'नाला रोड' किंवा नुसतं गावाचं नाव एवढाच असेल तर कोणत्या काठाचं घर हे कळत नाही, आणि मग अख्खा गठ्ठा एकाच बाजूला टाकला जातो. तुमची वस्ती दोन प्रभागांत तुटली तर हे पुन्हा घडण्याची शक्यता जास्त.

त्यासाठी प्रारूप मतदार यादी येण्याआधीच सीमेवरच्या गल्ल्यांची घरोघर यादी तयार ठेवा. तक्ता असा: विधानसभा यादीचा भाग क्रमांक, अनुक्रमांक, ओळखपत्र क्रमांक, नाव, घराची नेमकी जागा, योग्य प्रभाग. प्रारूप यादी आली की तिच्याशी ताडून बघा आणि फक्त चुकलेल्या ओळी उचलून, त्या गल्लीचा प्रगणक गट कोणत्या प्रभागात आहे हे दाखवणाऱ्या अंतिम अधिसूचनेच्या पानासह, मुदतीत हरकत द्या. नावापुढे दोन तारे दिसले तर ते संभाव्य दुबार नोंदीचे असतात, नाव काढलेलं नसतं. त्या मतदाराने आपण कुठे मतदान करणार ते आधीच लिहून द्यावं म्हणजे केंद्रावर अडचण येत नाही. प्रभाग चुकल्याच्या हरकती कागद नीट असेल तर बहुतेक वेळा कोर्टात न जाता सुटतात, कारण त्यात अधिकाऱ्याला कोणताही निर्णय बदलावा लागत नाही, फक्त नोंद हलवायची असते.

आणि समजा हे सगळं करूनही अधिसूचना निघाली आणि रचना तशीच राहिली, तर निकालानंतर निवडणूक याचिकेचा मार्ग उरतो. नगरपरिषदेसाठी ती जिल्हा न्यायालयात, त्याच 1965 च्या अधिनियमाच्या कलम 21 खाली, निवडून आलेल्यांची नावं राजपत्रात प्रसिद्ध झाल्यापासून दहा दिवसांत. मात्र सीमा चुकल्या हा मुद्दा तिथे चालवणं अवघड असतं. चुकीच्या प्रभागात गेलेल्या मतांमुळे निकाल बदलला हे दाखवता येईल इतका फरक कमी असेल तरच तिकडे वळा. दहा दिवसांची ती मुदत चुकली की पुढे मागायला काही राहत नाही, म्हणून राजपत्राची तारीख त्याच आठवड्यात शोधून ठेवा.

प्रारूपातलं सीमावर्णन आणि तुमच्या प्रभागाचा गटांचा तक्ता इथे टाकलात (माणसांची नावं झाकून), तर नेमका कोणता निकष मोडला आहे ते बघून सांगतो.